डब्ल्यूडीजी-४ मालवाहू डिझेल इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेची आवड असलेल्यांमध्ये इंजिनाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न असतो, "किती हॉर्सपॉवर?" डब्ल्यूडीजी-४ च्या बाबतीत हा प्रश्न पुरा पडत नाही. या इंजिनानं भारतीय मालगाडीला खरं काय दिलं असेल, तर ती रुळावरची पकड. खालची बहुतेक उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतात, कारण या वर्गाचा इतिहासच तिथून उलगडतो.

डब्ल्यूडीजी-४ या नावाचा अर्थ काय?

डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (१,६७६ मिमी), डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, अर्थात मालगाडी. शेवटचा आकडा हजारांतली अश्वशक्ती सांगतो, म्हणून ४ म्हणजे ४,०००. आकड्याची ही पद्धत नंतर आली. त्याआधी आकडे नुसते क्रमाने दिले जात. म्हणूनच १९९५ साली बनायला लागलेलं डब्ल्यूडीजी-२ हे ३,१०० अश्वशक्तीचं इंजिन पुढे डब्ल्यूडीजी-३ए झालं. त्यातला 'ए' वरची शंभर अश्वशक्ती दाखवतो.

ज्या अमेरिकन कंपनीचा हा आराखडा, ती ईएमडी, या इंजिनाला जीटी४६एमएसी म्हणते. इंजिनांची देखभाल होते त्या शेडमध्ये आणि रेल्वे कार्यालयांत डब्ल्यूडीजी-४ आणि त्याच्या भावंडांना सरसकट 'एचएचपी' (हाय हॉर्सपॉवर) म्हणतात, आणि अल्को या अमेरिकन कंपनीच्या आराखड्यावरच्या जुन्या घराण्याला 'अल्को'.

जनरल मोटर्सचं डिझेल इंजिन भारतात यानंच पहिल्यांदा आणलं का?

नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेच्या इंजिनांना पर्याय शोधताना भारतीय रेल्वेनं दोन अमेरिकन कंपन्यांची इंजिनं जवळपास एकाच वेळी मागवली होती. अल्कोचं डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाचं डब्ल्यूडीएम-४. दोन्ही १९६२ च्या सुमारास आली आणि दोन्ही साधारण २,६०० अश्वशक्तीची होती. डब्ल्यूडीएम-४ ची एकूण ७२ इंजिनं आली. मुघलसराय शेडच्या याच इंजिनांनी १९६९ साली सुरू झालेली हावडा राजधानी ओढली. त्या काळी ताशी १२० किमी वेगानं गाडी नेणं ही मोठीच मजल होती.

इंजिन म्हणून ईएमडी कमी नव्हतं, पण निवड नुसत्या इंजिनाची नव्हती. इंजिन वाराणसीत बनवायचं होतं. त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली आणि जनरल मोटर्सशी जुळलं नाही. जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सचं (डीएलडब्ल्यू) पहिलं डब्ल्यूडीएम-२ देशाला अर्पण झालं. पुढच्या साडेतीन दशकांत या वर्गाची अडीच हजारांहून जास्त इंजिनं रुळावर आली. तो निर्णय योग्यच होता, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगलं इंजिन विकत घेणं सोपं असतं. ते बनवणारे हात तयार करायला पिढी जावी लागते, आणि वाराणसीत ती पिढी अल्कोवर तयार झाली.

मग १९९० च्या दशकात पुन्हा ईएमडीकडेच का वळले?

अल्कोनं १९६९ मध्ये अमेरिकेत इंजिनं बनवणं थांबवलं. त्यानंतर मूळ आराखड्याची पुढची वाढ बऱ्याच अंशी आपल्याच अभियंत्यांच्या खांद्यावर आली. त्यांनी त्या १६ सिलिंडरच्या इंजिनातून २,६०० चे ३,१०० आणि पुढे ३,३०० अश्वशक्ती काढल्या. चांगले टर्बोचार्जर बसवले, इंधनाचा खर्च कमी केला, नवी बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा, आणली. हे काम छोटं नव्हतं. पण दोन गोष्टींना मर्यादा होती. ५० च्या दशकातल्या इंजिनाच्या सांगाड्यातून किती ताकद काढायची ही एक. दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, म्हणजे चाकं फिरवणारी डीसी ट्रॅक्शन मोटर.

मधल्या काळात मालगाड्या जड होत गेल्या. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, खत यांचे ५८ वाघिणींचे रेक नित्याचे झाले आणि एका रेकला दोन-दोन, कधी तीन अल्को लावावे लागत. तिकडे अमेरिकेत ईएमडीनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेन्सच्या साथीनं थ्री-फेज एसी मोटरवर चालणारं मालवाहू डिझेल इंजिन बाजारात आणून दाखवलं होतं. विजेच्या इंजिनांत हाच बदल भारतीय रेल्वेनं एबीबीकडून डब्ल्यूएजी-९ घेऊन केला. डिझेलमध्ये तो ईएमडीकडून घ्यायचं ठरलं, आणि या वेळी तंत्रज्ञान हस्तांतरण करारातच होतं.

पहिली इंजिनं कधी आली? किती आली?

१९९९ मध्ये. एकूण २१ इंजिनांपैकी १३ पूर्ण तयार होऊन जहाजानं आली आणि ८ सुट्या भागांत आली, ती वाराणसीत जोडली गेली. क्रमांक १२००१ पासून सुरू झाले. २००२ पासून वाराणसीत देशी उत्पादन सुरू झालं.

पहिलं घर मिळालं हुबळीचं, आजच्या हुबळ्ळीचं शेड. एकीकडे बल्लारी-होस्पेट पट्ट्यातलं लोहखनिज, दुसरीकडे मुरगाव बंदर आणि मध्ये सह्याद्री, असा तो मुलूख. या इंजिनाची कसोटी लागावी अशी याहून चांगली जागा देशात क्वचितच सापडली असती. नंतर साबरमती, सिलिगुडी, कृष्णराजपुरम अशा अनेक शेडना ही इंजिनं मिळाली.

अल्कोच्या तुलनेत खरा फरक कशात आहे?

तीन इंजिनांचे आकडे शेजारी ठेवून पाहा.

डब्ल्यूडीएम-२ चं वजन सुमारे ११३ टन, गाडी हलवताना लागणारी सर्वाधिक ओढ सुमारे ३० टन. डब्ल्यूडीजी-३ए चं वजन १२३ टन, ओढ सुमारे ३८ टन. डब्ल्यूडीजी-४ चं वजन १२६ टन आणि ओढ सुमारे ५३ टन.

आता ओढीला वजनानं भागा. पहिल्यात २७ टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के आणि तिसऱ्यात ४२ टक्के येतात. ३ए आणि ४ यांच्या वजनात फक्त तीन टनांचा फरक आहे. म्हणजे रुळावर जवळपास तेवढाच भार टाकून डब्ल्यूडीजी-४ पंधरा टन जास्त ओढतं. हे अश्वशक्तीचं काम नाही. अश्वशक्ती वेग धरल्यावर कामाला येते. उभा रेक हलवताना आणि चढावर रांगताना प्रश्न एकच असतो, चाक रुळाला किती धरून राहतं. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते. इंजिनाची सगळी ताकद अशा बारा ठिपक्यांतूनच बाहेर पडते.

डीसी मोटरची अडचण इथेच होती. चाक घसरायला लागलं की डीसी मोटर वेग घेते आणि घसरण वाढत जाते. मग नियंत्रण यंत्रणेला सगळी ताकदच कमी करावी लागते, पकडीसाठी रुळावर वाळू सोडावी लागते, आणि पुन्हा हळूहळू ताकद चढवावी लागते. तेवढ्यात गाडी आणखी मंदावते. शिवाय मंद वेगात जास्त करंट घेऊन डीसी मोटर फार वेळ राहू शकत नाही, तापते. म्हणून अल्कोच्या चालकाचं चढावर अर्धं लक्ष अँपिअरच्या काट्यावर असे. एवढा करंट एवढीच मिनिटं, अशी मर्यादा सांभाळत चढ संपवायचा. ती मर्यादा ओलांडली की मोटर जळायची भीती.

थ्री-फेज एसी मोटरला कम्युटेटर नाही, कार्बन ब्रश नाहीत. तिचा वेग तिला दिलेल्या विजेच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेला असतो. चाक सुटायला लागलं तरी मोटर त्या फ्रीक्वेन्सीच्या फार पुढे धावू शकत नाही, उलट तिची ओढ आपोआप कमी होते. आणि ती मंद वेगात खूप वेळ पूर्ण जोर लावून राहू शकते. डब्ल्यूडीजी-४ ची सलग देता येणारी ओढ सुमारे ४० टन आहे. डब्ल्यूडीएम-२ ची होती सुमारे २५.

डिझेल इंजिनात एसी मोटर? वीज कुठून येते?

आपली जवळपास सगळी मोठी डिझेल इंजिनं डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. त्यांच्या आतलं डिझेल इंजिन चाकांना थेट जोडलेलं नसतं, ते वीज तयार करणारा अल्टरनेटर फिरवतं. डब्ल्यूडीजी-४ मध्ये त्या अल्टरनेटरची वीज आधी रेक्टिफायरमधून डीसी होते, मग इन्व्हर्टर तिची पुन्हा थ्री-फेज एसी करतात, पण या वेळी हवी ती फ्रीक्वेन्सी आणि हवा तो व्होल्टेज ठरवून. सुरुवातीच्या इंजिनांत प्रत्येक बोगीला एक इन्व्हर्टर होता, म्हणजे तीन मोटरींचा मिळून एक. त्यात वीज चालू-बंद करणारे जीटीओ जातीचे थायरिस्टर होते, नंतरच्या इंजिनांत त्यांच्या जागी आयजीबीटी आले. या सगळ्यावर देखरेख ठेवायला ईएम२००० नावाचा संगणक. मोटरी सीमेन्सच्या आराखड्याच्या, सहा चाकजोड्यांना सहा.

चाक घसरू नये म्हणून हा संगणक नेमकं काय करतो?

घसरण पूर्ण बंद करत नाही. या इंजिनातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

चाक रुळावर अजिबात न सरकता फिरलं तर सर्वाधिक ओढ मिळेल, असं वाटतं. तसं होत नाही. चाक जमिनीवरच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगानं फिरत असेल, तेव्हा पकड सगळ्यात जास्त मिळते. अभियंते त्याला 'क्रीप' म्हणतात. त्याच्या थोडं पुढे गेलं की पकड सुटते, आणि चिखलात रुतलेल्या मोटारीसारखं चाक जागच्या जागी गरगरतं. संगणक चाकांचा वेग आणि गाडीचा खरा वेग यांतला फरक सतत पाहतो आणि ताकद अशी कमी-जास्त करतो की चाक त्या सीमेच्या अलीकडे, पण तिला लागूनच राहावं. त्यासाठी या इंजिनांत खालच्या बाजूला जमिनीवरचा वेग मोजणारा रडारसुद्धा बसवला गेला. जुन्या काळी अनुभवी चालक हे काम कानानं आणि पायाखालच्या थरथरीनं करायचा. संगणक तेच सेकंदाला कितीतरी वेळा करतो, आणि पावसातही थकत नाही.

घाटात याचा प्रत्यक्ष उपयोग किती?

आकडेमोडच करून पाहू. गोव्याकडे उतरणारा ब्रागांझा घाट, कॅसलरॉक ते कुळे, दूधसागरच्या अंगावरून जाणारा. चढ १:३७, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. असा चढ चढताना प्रत्येक टनामागे सुमारे २७ किलो ओढ नुसती गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जाते. चाकांचं घर्षण आणि वळणं यांचे आणखी चार धरा, एकूण ३१ किलो.

भरलेल्या ५८ वाघिणींचा रेक साधारण ४,७०० टनांचा. तो या चढावर चालता ठेवायला सुमारे १४६ टन ओढ हवी. डब्ल्यूडीजी-४ सलग ४० टन देतं, त्यातले सुमारे चार स्वतःचं वजन वर न्यायला खर्ची पडतात, उरतात ३६. म्हणजे हिशेबानं चार इंजिनं, तीही अगदी जेमतेम. पाऊस, दव, रुळावर पडलेला पाला यांसाठी राखीव ठेवायची, तर पाच. हाच हिशेब डब्ल्यूडीएम-२ साठी केला तर सात येतात, तेही सगळ्या मोटरी थंड असतील आणि सगळे चालक एकसुरात चालवतील असं धरून.

मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे नेताना पुढे इंजिनं आणि मागे ढकलायला बँकर, अशी रचना या घाटात लागते. सात इंजिनांच्या जागी चार-पाच म्हणजे काय, हे फक्त डिझेलच्या खर्चात मोजू नका. पुढची इंजिनं ओढतात आणि मागची ढकलतात तेव्हा मधल्या कपलिंगांवर येणारा ताण, तेवढे चालक, घाटाखाली परत आणायची तेवढी रिकामी इंजिनं, आणि त्या एकेरी मार्गावर त्यासाठी मोडणारा वेळ, हे सगळं त्यात आलं.

चढाचं समजलं. उतारावर काय?

उतार जास्त अवघड असतो, हे घाटात काम केलेला कोणीही सांगेल. लोहखनिजानं भरलेला रेक खाली मुरगावकडे उतरताना अडचण ओढीची नसते, ती आवरण्याची असते. नुसत्या एअर ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक ब्लॉक आणि चाकं तापतात आणि ब्रेकची ताकद कमी होत जाते.

म्हणून डायनॅमिक ब्रेक. त्यात मोटरी जनरेटरसारख्या उलट्या काम करतात, गाडीच्या धावेतून वीज तयार होते आणि ती छताजवळच्या ग्रिडमध्ये, म्हणजे रोधकांच्या जाळीत, उष्णता बनून पंख्यानं बाहेर फेकली जाते. अल्कोमध्येही डायनॅमिक ब्रेक होता, पण डीसी यंत्रणेत वेग कमी झाला की त्याचा जोर ओसरतो. नेमका तिथे, जिथे घाटातल्या गाडीला तो हवा असतो. डब्ल्यूडीजी-४ मध्ये तो सुमारे २७ टनांपर्यंत जातो आणि गाडी अगदी मंदावेपर्यंत टिकतो. जोडीला संगणकानं चालवलेला एअर ब्रेक आहे. चढावरच्या कौतुकात हा मुद्दा नेहमी मागे राहतो. मी मात्र घाटासाठी इंजिन निवडताना आधी ब्रेकचा आकडा विचारीन.

भोर घाटात आणि थळ घाटात ही इंजिनं बँकर म्हणून का दिसली नाहीत?

कारण ते दोन्ही घाट स्वातंत्र्याआधीच विजेवर गेले. चढ तिथेही १:३७ आहे, पण कर्जतहून आणि कसाऱ्याहून मागे लागणारे बँकर विजेचे आहेत.

याचा आवाज अल्कोपेक्षा इतका वेगळा का? आणि धूर कमी का?

आवाज वेगळा, कारण इंजिनाची जातच वेगळी. अल्कोचं २५१ हे फोर-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. ईएमडीचं १६-७१० हे टू-स्ट्रोक, प्रत्येक फेरीला पेटतो. सोळा सिलिंडर, प्रत्येक ७१० घन इंचांचा (सुमारे ११.६ लिटर), आणि पूर्ण नॉचवर (नॉच म्हणजे चालकाच्या ताकद वाढवायच्या दांड्याची पायरी) मिनिटाला ९०४ फेरे. म्हणून अल्कोची तुटक धडधड इथे नाही, सलग घुमणारा आवाज आहे आणि त्यावर टर्बोची शिट्टी.

धुराचं कारण टर्बोचार्जरमध्ये आहे. अल्कोमध्ये टर्बो फक्त बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरतो. चालकानं नॉच वाढवला की इंधन लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून काळ्या धुराचे ते प्रसिद्ध लोट. ईएमडीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला तर सुरुवातीपासून बाहेरून दाबलेली हवा लागतेच, त्याशिवाय ते चालणारच नाही. म्हणून त्यांनी टर्बोला गिअरनं इंजिनाशी जोडलं. कमी ताकदीवर इंजिनच टर्बो फिरवतं. वायूंचा जोर पुरेसा झाला की मधला क्लच सुटतो आणि टर्बो स्वतःच्या बळावर फिरू लागतो. हवेची उणीव अशी सहसा पडतच नाही.

म्हणजे डब्ल्यूडीजी-३ए टाकाऊ होतं?

मुळीच नाही, आणि असं बोललेलं मला सहन होत नाही. वाराणसीनं डब्ल्यूडीजी-४ बरोबरच डब्ल्यूडीजी-३ए सुद्धा २०१० च्या दशकापर्यंत बनवलं, आणि त्याची एक हजाराहून जास्त इंजिनं झाली. ते स्वस्त होतं, त्याचे सुटे भाग देशात सगळीकडे मिळत, आणि ते दुरुस्त करणारे हात प्रत्येक शेडमध्ये होते. पुण्याच्या घोरपडी शेडनं ही इंजिनं वर्षानुवर्षं सांभाळली. महाराष्ट्रात जिथे मालगाडी डिझेलवर चालली, तिथे लोकांनी बहुतेक वेळा पाहिलेलं इंजिन डब्ल्यूडीजी-३ए च आहे.

त्याची बोगीही चांगली होती. डब्ल्यूडीएम-२ च्या जुन्या बोगीत तिन्ही मोटरी एका दिशेला नसत, त्यामुळे ओढताना पुढच्या चाकांवरचा भार हलका होई आणि ती आधी घसरत. ३ए च्या बोगीत मोटरी एकाच दिशेनं बसवून हा दोष बराच कमी केला. २७ चे ३१ टक्के झाले ते मुख्यतः यातून. डीसी मोटर ठेवून याहून फार पुढे जाता येत नव्हतं, एवढंच.

शेडमधल्या कामात काय बदललं?

बरंच. अल्कोमध्ये नजर, कान आणि हात यांवर चालणारं कौशल्य मोठं होतं. इथे बिघाड शोधायचा तर आधी कॅबमधला पडदा वाचायचा, संगणकानं नोंदवलेला दोष पाहायचा, मग स्पॅनर उचलायचा. ट्रॅक्शन मोटरचे ब्रश बदलणं, कम्युटेटर घासणं ही कामंच संपली. इंजिनाचा एखादा सिलिंडर बिघडला तर हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड असा अख्खा संच एकत्र बाहेर काढून दुसरा तयार संच बसवता येतो. त्याला 'पॉवर असेंब्ली' म्हणतात. नियमित मोठी तपासणी ९० दिवसांवर गेली. इंजिन शेडमध्ये कमी आणि मार्गावर जास्त राहू लागलं.

दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि इन्व्हर्टर बिघडले तर ते गावातल्या वर्कशॉपमध्ये सुधारत नाहीत. हुबळीच्या लोकांना ही विद्या पहिल्यापासून शिकावी लागली. पुढे ज्या शेडमध्ये एचएचपी इंजिनं गेली, त्यांच्यासाठी वाट त्यांनीच घालून दिली होती.

नंतर कोणते बदल झाले?

सर्वांत मोठा म्हणजे अश्वशक्ती ४,००० वरून ४,५०० झाली, इंजिनाचा सांगाडा तोच ठेवून. नाव मात्र डब्ल्यूडीजी-४ च राहिलं.

दुसरा बदल छोटा दिसतो, पण मला तो फार मोलाचा वाटतो. मालगाडीचं इंजिन सिग्नलला, यार्डात, लोडिंगला तासन्‌तास उभं असतं. पूर्वी तेवढा वेळ ते चालूच ठेवत, कारण बंद केलं तर ब्रेकची हवा आणि बॅटरी उतरणार. उभ्या-उभ्या तासाला सुमारे २५ लिटर डिझेल जाई. त्यावर एपीयू, म्हणजे एक छोटं सहायक इंजिन बसवलं. मोठं इंजिन आपोआप बंद होतं आणि छोटं तेवढ्यापुरती हवा व बॅटरी सांभाळतं, तासाला सुमारे ३ लिटरमध्ये.

तिसरा बदल कॅबचा. मूळ इंजिनाला एकच कॅब. उलट्या दिशेनं धावताना चालकासमोर इंजिनाचं लांबलचक धड यायचं आणि सिग्नल पाहायला त्रास व्हायचा. दोन्ही टोकांना कॅब असलेलं डब्ल्यूडीजी-४डी आलं, त्यानं हा प्रश्न सोडवला. ते आणखी आधी यायला हवं होतं.

याच घराण्यातून प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूडीपी-४ निघालं. पहिली १० इंजिनं २००१ मध्ये आली. त्यात खर्च आणि वजन वाचवायला सहाऐवजी चारच मोटरी होत्या, त्यामुळे जड गाड्या हलवताना पकड कमी पडे. पुढच्या डब्ल्यूडीपी-४बी आणि ४डी मध्ये पुन्हा सहा मोटरी आल्या. मालवाहू आणि प्रवासी इंजिनांतला फरक मुख्यतः गिअरचा आहे. मालवाहूत ९०:१७, प्रवासीत ७७:१७. २० सिलिंडरचं, ५,५०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीजी-५ 'भीम'ही २०१२ मध्ये झालं, पण त्याची मोजकीच इंजिनं बनली.

डब्ल्यूडीजी-४जी हे याचंच पुढचं रूप का?

नाही, नाव फसवं आहे. ते जीईचं इंजिन. २०१५ च्या करारानुसार बिहारमधल्या मढौऱ्याच्या कारखान्यात १,००० इंजिनं बनवायची होती, ४,५०० अश्वशक्तीची ७०० आणि ६,००० ची ३००. त्यातलं ४,५०० वालं डब्ल्यूडीजी-४जी. त्याचं इंजिन १२ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक आहे. वाराणसीच्या डब्ल्यूडीजी-४ शी त्याचे सुटे भाग जुळत नाहीत.

मूळ ईएमडीही आता जनरल मोटर्सकडे नाही. २००५ मध्ये ती विकली गेली आणि २०१० मध्ये कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेलकडे गेली.

कोकण रेल्वेवर ही इंजिनं चालली का?

हो. ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा कोलाड ते वेर्णा या मार्गावर २६ जानेवारी १९९९ ला सुरू झाली. पुढे या गाड्यांना हुबळीची डब्ल्यूडीजी-४ अनेकदा लागलेली असत. कोकण रेल्वेचा मुख्य चढ १:१५० चा, म्हणजे घाटाच्या मानानं सौम्य. तिथे या इंजिनाची खरी कसोटी चढानं घेतली नाही, पावसाळ्यानं घेतली. जूनपासून चार महिने ओले रूळ, आणि क्रीप सांभाळणाऱ्या संगणकाला रात्रंदिवस काम. जून २०२२ मध्ये रोहा ते ठोकूर या संपूर्ण मार्गाच्या विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं आणि तिथला डिझेलचा जमाना मावळला.

विद्युतीकरणानंतर या इंजिनांचं काय होणार?

ब्रॉडगेज जाळं जवळजवळ सगळं विजेखाली आलं आहे. वाराणसीच्या कारखान्याचं नाव २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालं आणि तिथे आता मुख्यतः विजेची इंजिनं बनतात. त्याच कारखान्यानं डब्ल्यूडीजी-३ए ची जोडी बदलून डब्ल्यूएजीसी-३ हे १०,००० अश्वशक्तीचं विजेचं इंजिन तयार केलं. ६९ दिवसांत केलेलं ते काम फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी रवाना केलं. मात्र प्रत्येक डिझेल इंजिन असं बदलत बसणं परवडणारं नाही.

विजेच्या इंजिनाचा फायदा निर्विवाद आहे. ताकद जास्त, खर्च कमी, आणि उतारावरची वीज ग्रिडमध्ये जाळून टाकायची गरज नाही, ती तारेत परत जाते. तरीही अर्ध्या आयुष्याची चांगली एसी डिझेल इंजिनं घाईनं भंगारात काढू नयेत, असं मी आग्रहानं म्हणेन. वादळात तारा तुटल्या, पूर आला, अपघातस्थळी मदतगाडी न्यायची झाली, तर तारेवर अवलंबून नसलेलं इंजिन जवळच्या शेडमध्ये असावंच लागतं. जी इंजिनं जास्तीची ठरतील, ती ब्रॉडगेज असलेल्या शेजारी देशांना देता येतील. अल्को घराण्याची इंजिनं बांगलादेशला आपण दिलेलीच आहेत.

आज ते पाहायचं तर कसं ओळखायचं?

क्रमांक पाच आकडी, बहुतेकदा १२ पासून सुरू होणारा आणि पुढे लिहिलेलं डब्ल्यूडीजी४. बाजूनं पाहिलंत तर दोन तीन-चाकजोडीच्या बोगी आणि त्यांच्यामध्ये ६,००० लिटरची इंधनटाकी दिसेल. धडाच्या एका टोकाला छताच्या पातळीच्या वर रुंद होत गेलेला रेडिएटरचा भाग असतो, तो अल्कोवर नसतो. अंतर जास्त असेल तर गाडी सुटेपर्यंत थांबा. अल्को सुटताना काळा लोट सोडून धडधडतो, हे सलग घुमत, शिट्टी चढवत निघतं.